बॉनेटवरची जागा

नगरगावची वस्तीची गाडी पहाटे सहाला सुटते.
डिसेंबरात काचेला आतून घाम येतो,
कुळागरांतून धुकं रस्त्यावर उतरतं
आणि माझे दिवे त्यात दोन हात पुढे जाऊन थांबतात.
गोव्यात कसली थंडी, असं म्हणणाऱ्याला
एकदा तरी या गाडीत बसवीन म्हणतो.
तिकडे किनाऱ्यावर लोक अर्ध्या चड्डीत फिरत असतील;
इथे पिंपळाखाली सानिशा गावकर,
दोन स्वेटर, कानटोपी, बापाचे मोजे,
हात काखेत.

पहिल्या वर्षी मी हसलो होतो.
"काय गो, हिमालयात चाललीस?"
ती काही बोलली नाही.
मग तीन आठवडे पिंपळाखाली कुणीच नव्हतं.
मी सवयीने ब्रेक लावायचो.

सांगितलं ते लाडूबायने, भाजीच्या टोपल्या चढवता चढवता.
पोरीच्या रक्तातले गोल दाणे विळ्यासारखे वाकतात,
एकमेकांत अडकतात.
गारठ्याने शिरा आखडल्या
की हाडांतून कळ उठते,
अशी की पोर स्वतःची मनगटं चावते.

विळा मला नीट कळला नाही.
मला कळला होंड्याचा चढ.
खनिजाचे ट्रक चालायचे त्या दिवसांत
एक आडवा झाला की मागे कोसभर रांग,
आणि पुढच्या गावाला ना दूध, ना पेपर.
त्यात रस्ताच आक्रसला तर?

तेव्हापासून बॉनेटवरची जागा तिची.
मे महिन्यात तिथे कुणी बोट टेकवत नाही.
माझ्या बायकोने जुन्या साड्यांची वाकळ दुमडून दिली,
दाराच्या फटीत मी सायकलची ट्यूब ठोकली,
इनास कंडक्टर थर्मासातलं ऊन पाणी पुढे करायचा,
"पी गो, तिकिटात धरलंय."
वाकळीखाली इंजिन घुरघुरायचं.
ती साखळीपर्यंत कॉलेजचे हिशेब सोडवायची;
तिसऱ्या गिअरला तिचं अक्षर थरथरायचं,
चौथ्याला सरळ.

यंदा नवी गाडी आली, विजेची.
धूर नाही, आवाज नाही.
साहेबांनी नारळ फोडला, मी हार घातला,
आणि सगळे गेल्यावर पुढे हात लावून पाहिला.
थंड. रात्री घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखं.
पहिल्या सकाळी ती चढली
आणि माझ्याजवळ येऊन नुसती उभी राहिली,
घरी यावं आणि चूल असायची तिथे
कुणी फरशी बसवलेली असावी, तशी.

वरून गार हवा सुटली होती.
इनासने ती बंद केली.
मागून एकजण ओरडला, "मग एसीची गाडी कशाला?"
लाडूबाय वाद घालत बसली नाही.
तिने ओल्या तांबड्या भाजीची टोपली
पायाने लांब सारली,
पार्वतला खिडकीकडे ढकललं
आणि मधल्या वीतभर जागेवर थाप मारली. "ये."
दोन जाड बायका, एक घोंगडं,
त्यातून बाहेर फक्त कानटोपीचा गोंडा.

वाळपईच्या स्टँडवर चहावाला रबरी पिशवी भरून देतो.
पैसे घेत नाही;
पिशवी गळते म्हणून मात्र रोज बोलून घेतो.
तो मागचा माणूस अजून कुरकुरतो.
येतो मात्र याच गाडीने.

गेल्या गुरुवारी ती नव्हती. शुक्रवारीही नाही.
लाडूबायने त्या वीतभर जागेवर रिकामी टोपली ठेवली,
साखळीपर्यंत.
माणसं दांडीला लटकत होती,
टोपली कुणी उचलली नाही.
मी आरशात बघायचं टाळलं.

आज बारा दिवसांनी पिंपळाखाली गाडी उभी केली.
ही उभी राहिली की चालू आहे का बंद, कळत नाही.
धुक्यात कुणी दिसेना.
हॉर्न वाजवणार होतो,
तेवढ्यात काखेतून निघालेला एक हात
दांड्याला लागला,
गार लोखंडाने दचकला,
आणि इनासने वरून मनगट धरलं.

दार मी लगेच लावलं.